अतिचंचल मूल आणि त्याची बाजू मांडणारे

गेल्या उन्हाळ्यांत आठवड्याच्या बाजारीं एक तरुण गृहस्थ आम्हांस भेटले. पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही एका खेड्यांतील शाळेंत शिकवीत असतां ते आमच्या वर्गांत होते. त्या काळीं या मुलाचें नांव निघालें कीं आमच्या कपाळाला आठी पडे. पाटी कोठें ठेविली हें त्याला आठवत नसे. प्रश्न पुरा होण्यापूर्वींच तो उत्तर ओरडून देई. पांच मिनिटें एका जागीं बसेल तर शपथ. आम्हीं त्याला छडी मारिली, ओणवें उभें केलें, वर्गाबाहेर बसविलें, आणि हें सर्व त्याच्याच हिताकरितां आहे अशी आपली समजूत करून घेतली. चौथीनंतर तो शाळेंत आला नाहीं. त्याचें आम्हांस वाईट वाटलें नाहीं. उलट वर्ग शांत झाला याचें समाधानच वाटलें.

आज ते विहिरींवरील पंप दुरुस्त करून आपला चरितार्थ चालवितात. बोलतां बोलतां ते म्हणाले, "गुरुजी, मी मुद्दाम करीत नव्हतों हो. मला बसतांच येत नव्हतें." आणि मग जरा थांबून म्हणाले, "आतां माझा पोरगाहि तसाच निघाला आहे. त्याला मारूं नका, एवढें शाळेंत तुम्ही सांगाल का? माझें कोण ऐकणार?"

हा धडा त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून लिहिला आहे. ज्या मुलाचें कोणी ऐकत नाहीं, आणि ज्याच्या बापाचेंहि कोणी ऐकत नाहीं, त्याच्या वतीनें बोलावयाचें तर काय बोलावें, कोणाशीं बोलावें, आणि बोलण्यापूर्वीं आपण काय शिकून घ्यावें, याचा विचार आपण करूं.

१. हा विकार कोणता?

डॉक्टर लोक याला एडीएचडी म्हणतात. आपल्या भाषेंत त्याला अवधानाची उणीव व अतिचंचलता असें म्हणतां येईल. याचीं लक्षणें तीन प्रकारचीं आहेत. पहिलें, लक्ष न टिकणें: सांगितलेलें अर्धवट राहतें, वस्तु हरवतात, मिठासाठीं दुकानावर पाठविलेलें मूल वाटेंत सरड्याच्या मागें लागतें. दुसरें, अतिचंचलता: हात-पाय स्वस्थ नसतात, बसावयाच्या जागीं धांवणें-चढणें चालू असतें. तिसरें, उतावीळपणा: आपली पाळी येईपर्यंत थांबवत नाहीं, दुसऱ्याचें बोलणें मध्येंच तोडिलें जातें, आणि विचार मागून येतो.

कोणी म्हणेल, हें तर सर्वच मुलांत असतें. खरें आहे, म्हणूनच डॉक्टरांनीं कांहीं कसोट्या ठरविल्या आहेत. हीं लक्षणें त्या वयाच्या इतर मुलांपेक्षां स्पष्टपणें अधिक असलीं पाहिजेत. निदान सहा महिने टिकलेलीं असलीं पाहिजेत. केवळ शाळेंत किंवा केवळ घरीं नव्हे, तर दोन किंवा अधिक ठिकाणीं दिसलीं पाहिजेत. वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीं तीं सुरू झालेलीं असलीं पाहिजेत. आणि त्यांमुळें मुलाचें शिक्षण, मैत्री किंवा घरांतील जीवन खरोखर अडत असलें पाहिजे. एक कंटाळवाणा तास किंवा एक द्वाड आठवडा पाहून हें नांव कोणाच्याहि कपाळीं मारूं नये.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा कीं, आवडत्या खेळांत मूल तासभर रमतें, त्या अर्थीं तें अभ्यासांत ढोंग करितें. वस्तुस्थिति अशी कीं, या मुलांजवळ लक्ष नसतें असें नाहीं. लक्षाला लगाम नसतो. जेथें गोडी आहे तेथें तें धांवतें, आणि जेथें न्यावयाचें असतें तेथें जात नाहीं. दुसरा गैरसमज असा कीं, हा विकार मुलग्यांचाच. पुष्कळ मुली धांवत नाहींत, ओरडत नाहींत. खिडकीबाहेर पाहत मुकाट्यानें मागें पडतात. त्यांचा कोणास त्रास होत नाहीं, म्हणून त्यांची कोणी चौकशीहि करीत नाहीं.

जगांतील अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा आहे कीं, मुलांपैकीं सुमारें शेंकडा ५.९ व प्रौढांपैकीं सुमारें शेंकडा २.५ इतक्यांस हा विकार असतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गांत सरासरीनें दोन. आपल्या गांवच्या शाळेंत असें मूल नाहीं असें म्हणणारानें पुन्हां एकदां मागच्या रांगेकडे पाहावें.

कारण काय? आईच्या लाडानें हा विकार होत नाहीं, गोड खाण्यानेंहि नाहीं. आणि कोणाची दृष्ट लागल्यानें किंवा करणीनें तर मुळींच नाहीं. मेंदूची वाढ व त्यांतील संयमाचें कार्य यांत हा फरक असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसून आलें आहे कीं, माणसामाणसांतील या फरकाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग आनुवंशिक असतो. दिवस पुरे होण्यापूर्वीं किंवा फार कमी वजनाचें जन्मलेल्या मुलांतहि तो अधिक आढळतो. बाजारांत भेटलेल्या गृहस्थांचा मुलगा बापासारखा निघाला यांत आश्चर्य कांहींच नव्हतें. गंडेदोरे बांधण्यांत पैसा व वेळ दवडूं नये. त्या वेळांत मूल एक इयत्ता मागें पडतें.

२. जुना विकार, नवें नांव

हें अलीकडचें खूळ आहे असें कांहीं लोक म्हणतात. परंतु जर्मनींतील मेल्खिओर आदाम वाइकार्ड नांवाच्या वैद्यानें १७७५ सालीं, आणि स्कॉटलंडच्या अलेक्झांडर क्रिक्टन यानें १७९८ सालीं, चित्त एका ठिकाणीं न ठरण्याच्या व्याधीचें वर्णन करून ठेविलें आहे. पुढें १९०२ सालीं लंडन येथें डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनीं डॉक्टरांपुढें व्याख्यानें दिलीं. ज्यांची बुद्धि शाबूत आहे, परंतु ज्यांना स्वतःला आवरतां येत नाहीं, अशीं मुलें त्यांनीं पाहिलीं होतीं. त्यांनीं या स्थितीस नैतिक ताब्याची उणीव असें म्हटलें. डॉक्टरांचा हेतु चांगला होता. पण 'नैतिक' हा शब्द त्या मुलांस चिकटून राहिला, आणि आजहि आपण 'वाईट चालीचा मुलगा' असें म्हणतों तेव्हां तोच शब्द उच्चारीत असतों.

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड प्रांतांत एक दांपत्य होतें. त्यांची एकुलती एक मुलगी एमा हिला सातव्या वर्षीं मेंदूचा दाह झाला व ती कायमची अपंग झाली. त्यांनीं आपली संपत्ति अशा मुलांच्या रुग्णालयासाठीं ठेविली, आणि १९३१ सालीं तें उघडलें. तेथेंच १९३७ सालीं डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं तीस मुलांना बेंझेड्रिन नांवाचें उत्तेजक औषध दिलें, आणि सुमारें निम्म्या मुलांचें शाळेंतील काम एकाएकीं सुधारल्याचें त्यांच्या दृष्टीस पडलें. उत्तेजक औषधानें चंचल मूल स्थिर होतें, हें ऐकून नवल वाटतें. परंतु त्या औषधानें मेंदूंतील आवरणारी शक्तिच जागी होते, असें समजल्यास तें नवल उरत नाहीं.

नांवें मात्र पुष्कळ बदललीं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादींत १९६८ सालीं अतिहालचालीवर भर होता. १९८० सालीं अवधानाच्या उणिवेवर. १९८७ सालीं दोन्हीं जोडून आजचें नांव आलें. आणि २०१३ सालीं प्रौढांसाठीं लक्षणांची संख्या कमी करण्यांत आली, कारण पुष्कळांत हा विकार मिसरूड फुटल्यावर नाहींसा होत नाहीं, हें तोंपर्यंत कळून चुकलें होतें.

३. आईबापांनीं काय केलें

आतां आपण मुख्य गोष्टीकडे वळूं. डॉक्टरांस ठाऊक असलेली गोष्ट शाळेस कशी कळली? ती आपोआप कळली नाहीं.

अमेरिकेंत १९७५ पासून अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा होता. परंतु त्यांतील यादींत या मुलांचें नांव नव्हतें. आंधळ्या मुलास मदत मिळे, बहिऱ्यास मिळे. या मुलास मात्र शिक्षा मिळे. १९८७ सालीं फ्लॉरिडा प्रांतांतील प्लँटेशन नांवाच्या गांवीं कांहीं आईबाप व मानसशास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनीं 'चॅड' या संक्षिप्त नांवाची संस्था काढिली. पुढें तिच्या शाखा देशभर झाल्या. या सभांत काय होत असे? आईबाप एकमेकांची हकीगत ऐकत, डॉक्टरांचें व्याख्यान ठेवीत, आणि कायद्यांत आपल्या मुलाचा हक्क कोठें आहे तें शोधीत.

१९९० सालीं तो कायदा नव्यानें मंजूर होत असतां या विकाराचें नांव यादींत घालावें अशी त्यांनीं मागणी केली. ती मान्य झाली नाहीं. मुलांवर उगाच शिक्के बसतील, अशी कांहींना भीति होती, आणि ती अगदींच निराधार नव्हती. आईबापांनीं मात्र प्रयत्न सोडला नाहीं. १६ सप्टेंबर १९९१ रोजीं अमेरिकेच्या शिक्षणखात्यानें पत्रक काढून स्पष्ट केलें कीं, चालू कायद्याखालींहि या मुलांना मदत मिळूं शकते. पुढें १९९९ च्या नियमांत या विकाराचें नांव प्रत्यक्ष आलें. मोठा मोर्चा नव्हे, कीं दंगाधोपा नव्हे. पत्रें, सभा, साक्षी व चिकाटी यांनीं हें काम झालें.

परंतु या कथेंतील एक उणी बाजूहि आम्ही लपवीत नाहीं. त्याच संस्थेनें या विकारावरील औषध तयार करणाऱ्या कंपनीकडून मोठ्या देणग्या घेतल्या होत्या, आणि १९९५ सालीं त्यावरून तिच्यावर जाहीर टीका झाली. संस्था खोटें सांगत होती असें यावरून ठरत नाहीं. पण औषधाची शिफारस करणारा आणि औषध विकणारा यांच्यामध्यें पैशाचा व्यवहार असला कीं ऐकणाराच्या मनांत शंका येणारच. दुसऱ्याची बाजू मांडणारानें आपला हिशेब उघडा ठेवावा, हा धडा आपल्या लहान लहान मंडळांसहि लागू आहे.

यानंतर जागृतीचें काम वाढत गेलें. २००४ सालीं अमेरिकेच्या सेनेट सभेनें ७ सप्टेंबर हा दिवस या विकाराच्या माहितीसाठीं नेमिला. आतां अनेक देशांत सबंध ऑक्टोबर महिना त्यासाठीं पाळितात. २०२१ सालीं सत्तावीस देशांतील ऐंशी तज्ज्ञांनीं मिळून, पुराव्यानें सिद्ध झालेलीं २०८ विधानें प्रसिद्ध केलीं. त्यांतील एक गोष्ट प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी: उपचार न मिळालेल्या या लोकांत अपघात, शिक्षण अर्धवट राहणें व व्यसनें यांचें प्रमाण अधिक असतें. हा केवळ परीक्षेंतील गुणांचा प्रश्न नव्हे.

४. आपल्याकडे काय आहे

आपल्या देशांतील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत एकवीस प्रकार गणिले आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. परंतु अतिचंचलतेचें स्वतंत्र नांव नाहीं. महाराष्ट्रांत अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांस परीक्षेंत सवलती देण्यास १९९६ पासून सुरुवात झाली. आणि २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटानें ती अक्षमता घरोघर माहीत करून दिली. अतिचंचल मुलास असा चित्रपट अद्याप लाभलेला नाहीं. मात्र पुष्कळ मुलांत हे दोन्ही विकार एकत्र असतात. म्हणून तपासणींत वाचन-लेखनाचीहि परीक्षा करून घ्यावी, म्हणजे त्या मार्गानें मिळणारी सवलत हातची जाणार नाहीं.

तरीहि खेड्यांतील आईबापांच्या हातीं तीन साधनें आहेत, आणि तीं पुष्कळांस ठाऊक नाहींत. पहिलें, २००९ चा शिक्षणहक्क कायदा: त्याच्या सतराव्या कलमानें मुलास मारणें किंवा मानसिक छळ करणें यांस बंदी आहे. दुसरें, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम: तो फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच पालघर येथून सुरू झाला. त्याचें आरोग्यपथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेंत एकदां येणें अपेक्षित आहे, आणि त्यानें तपासावयाच्या विकारांच्या यादींत अतिचंचलताहि आहे. पथकानें चिठ्ठी दिली कीं मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत पाठवितां येतें. तिसरें, २०२२ पासून चालू असलेली टेलिमानस ही सरकारी सेवा: १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

५. उपचाराविषयीं खरें तें

प्रथम डॉक्टरांकडून मुलाची दृष्टि, कान, झोप व सामान्य प्रकृति तपासून घ्यावी. ज्यास ऐकूं येत नाहीं, जो रात्रीं झोपत नाहीं, किंवा ज्याच्या घरीं रोज भांडण होतें, तोहि वर्गांत लक्ष देत नाहीं. आणि त्याचा उपाय निराळा आहे.

अगदीं लहान मुलांत प्रथम आईबापांस वागणुकीचें शिक्षण देतात, औषध नव्हे. मोठ्या मुलांत औषधाचा विचार होतो. मेथिलफेनिडेट हें त्यांतील प्रसिद्ध औषध. १९९९ सालीं अमेरिकेंतील व कॅनडांतील सहा ठिकाणीं मिळून ५७९ मुलांवर चौदा महिने केलेल्या एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यांत मुख्य लक्षणांवर, नीट देखरेखीनें दिलेलें औषध केवळ वागणुकीच्या शिक्षणापेक्षां अधिक उपयोगी ठरलें. परंतु तीन वर्षांनीं पाहिलें तेव्हां या गटांमधील फरक उरला नव्हता. म्हणून औषधास जादूहि समजूं नये आणि विषहि समजूं नये. त्यानें भूक व झोप कमी होऊं शकते. वजन, उंची व रक्तदाब पाहावे लागतात. आणि तें डॉक्टरांवांचून सुरूहि करूं नये व बंदहि करूं नये.

६. आपण बाजू कशी मांडावी

आम्ही गांवोगांवच्या शिक्षकांस व वडीलधाऱ्यांस पुढील गोष्टी सुचवितों.

(अ) निदान आपण करूं नये. आपलें काम पाहण्याचें व पोंचविण्याचें आहे. आईबापांबरोबर बसून दोन आठवड्यांची टिपणवही लिहावी: कोणत्या वेळीं, कोठें, काय झालें, आणि त्यापूर्वीं काय झालें होतें. डॉक्टरांस दहा तक्रारींपेक्षां अशी एक वही अधिक उपयोगी पडते.

(आ) शब्द बदलावे. 'माकड', 'आळशी', 'वाया गेलेला' हे शब्द मूल पंचवीस वर्षें विसरत नाहीं, हें आम्हीं बाजारांत ऐकिलें.

(इ) शिक्षकांकडे भांडावयास जाऊं नये. त्यांच्याजवळ पुष्कळ मुलें व एकच खडू असतो. त्यांच्याकडे लहान मागण्या न्याव्या: मूल पुढच्या रांगेंत बसावें, एका वेळीं एकच काम सांगावें, मोठ्या कामाचे तुकडे करावे, मध्यें उठण्याचें एखादें मानाचें काम द्यावें, आणि चांगलें केलें तर त्याच क्षणीं शाबासकी द्यावी, कारण उद्यांची शाबासकी या मुलास फार दूर असते.

(ई) आईस धीर द्यावा. सासर, शेजार व शाळा हीं तिन्हीं तिलाच दोष देतात. जी आई दिवसभर अशा मुलामागें धांवते तिला उपदेशापेक्षां एका तासाची विश्रांति अधिक हवी असते. तो तास मुलास आपल्या घरीं ठेवून देतां येतो.

(उ) मुलाचें नांव चव्हाट्यावर आणूं नये. सभेंत विकाराविषयीं बोलावें, मुलाविषयीं नव्हे; आणि आईबापांची संमति असल्याशिवाय कोणासहि कांहीं सांगूं नये.

त्या बाजारानंतर शाळा उघडली तेव्हां आम्ही त्या गृहस्थांबरोबर गेलों. शिक्षक तरुण होते, त्रासलेले होते, पण ऐकणारे निघाले. आम्हीं प्रथम आमचीच गोष्ट सांगितली: ती छडी, तें ओणवें उभें करणें, आणि तो रिकामा झालेला कोपरा. मग तीन गोष्टी मागितल्या: पुढची जागा, एका वेळीं एक काम, आणि छडी नको. त्यांनीं चौथी गोष्ट आपण होऊन दिली. तासाची घंटा वाजविण्याचें काम त्या मुलास दिलें. पुढें आरोग्यपथक आलें, आणि त्यांनीं त्याला जिल्ह्यास पाठविलें. मूल बरें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची पाटी अजून हरवते. परंतु तो शाळेंत जातो, आणि घंटा वेळेवर होते. बापानें आम्हांस एवढेंच सांगितलें, "गुरुजी, तो आतां सकाळीं रडत नाहीं."

पंचवीस वर्षांपूर्वीं आम्हांस हें कोणीं सांगितलें असतें तर? हा प्रश्न आमच्यापुरता आतां उशिराचा आहे. तुमच्या गांवीं मात्र तो उशिराचा नाहीं.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या शाळेंतून गेल्या पांच वर्षांत कोणत्या मुलांनीं मध्येंच शिक्षण सोडिलें, आणि त्यांचें कारण कोणीं विचारिलें का?
२. द्वाडपणा व विकार यांतील फरक ओळखण्यासाठीं कोणत्या पांच कसोट्या सांगितल्या आहेत?
३. या विकारांतील मुली मागें कां राहतात?
४. अमेरिकेंतील आईबापांच्या संस्थेपासून आपण काय घ्यावें, आणि काय टाळावें?
५. बाल स्वास्थ्य पथक आपल्या शाळेंत शेवटचें कधीं आलें, आणि पुढें कधीं येणार, हें कोण विचारून येईल?